पीयूसी आहे, मग रिकॉल कशाला?

कंपनीनं इंजिन दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावल्या की राधानगरीच्या स्टँडवर पहिला प्रश्न ॲव्हरेजचा येतो आणि दुसरा ओढीचा. भरल्या गाडीनं फोंडा घाट चढून दाजीपूर गाठायचं असेल, तर हे प्रश्न वावगे नाहीत. पण त्यांच्याबरोबर काही ठाम समजुतीही येतात.

“पीयूसी पास आहे, म्हणजे इंजिन स्वच्छ.” डिझेल गाडीच्या पीयूसीत गाडी जागेवर उभी करून ॲक्सिलरेटर दाबतात आणि धुराची दाटी मोजतात. नायट्रोजन ऑक्साइड तिथं मोजलेच जात नाहीत, आणि फोक्सवॅगनचं प्रकरण नेमकं त्यांचंच होतं. प्रयोगशाळेत चाकं रोलरवर फिरतात. ही चाचणी चालू आहे हे गाडीतलं सॉफ्टवेअर ओळखतं आणि तेवढ्यापुरतं इंजिन शहाण्यासारखं वागतं, हे 2015 मध्ये अमेरिकेत उघड झालं. त्यानंतर पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेनं कंपनीच्या इथल्या गाड्या रस्त्यावर पळवून तपासल्या. प्रदूषण मर्यादेच्या 1.1 ते 2.6 पट निघालं. डिसेंबर 2015 मध्ये फोक्सवॅगन, स्कोडा आणि ऑडीच्या मिळून 3 लाख 23 हजार 700 गाड्यांचा रिकॉल जाहीर झाला. रस्त्यावरच्या चाचणीचा नियमच तेव्हा भारतात नसल्यानं आपण काही मोडलं नाही, अशी कंपनीची भूमिका होती. हरित लवादानं 2019 मध्ये 500 कोटींचा दंड केला, त्याला सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली.

“कंपनी तपासणीला निवडक माल पाठवते.” याला मात्र गैरसमज म्हणवत नाही. तपासणी प्रत्येक गाडीची होत नाही, नमुन्याची होते. वडापवाल्यांच्या ओळखीच्या टवेरात हेच घडलं. कमी धूर सोडणारी इंजिनं वेचून ती तपासणीच्या गाड्यांत बसवली जात होती. जुलै 2013 मध्ये जनरल मोटर्सनं स्वतःच सरकारला कळवलं आणि 2005 ते 2013 मधल्या सुमारे 1 लाख 14 हजार टवेरा परत बोलावल्या. तेव्हा शंका घ्यावी, पण नमुना कुणी आणि कुठून उचलला याची घ्यावी.

“सॉफ्टवेअर बदललं की गाडी मेली.” ओढ आणि ॲव्हरेज बदलत नाही, असं कंपन्या सांगतात. पण नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला जळालेला वायू जास्त प्रमाणात इंजिनात परत फिरवला, तर काजळी वाढते, हे कुठलाही जुना डिझेल मिस्त्री सांगेल. म्हणून काम करून घेण्याआधी आणि नंतर, त्याच रस्त्यावर, टाकी फुल्ल ते फुल्ल असं ॲव्हरेज काढा. काय बदललं ते जॉबकार्डवर लिहून घ्या.

“रिकॉल म्हणजे कंपनीची मेहेरबानी.” 2013 आणि 2015 मध्ये तसंच होतं. एप्रिल 2021 पासून सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांबाबत केंद्र सरकार सक्तीचा रिकॉल लावू शकतं. न जुमानणाऱ्या कंपनीला 10 लाख ते 1 कोटी दंड आहे. गाडीमालकाची तक्रार ‘वाहन’ पोर्टलवर नोंदवता येते, आणि त्या तक्रारींच्या संख्येवरच सक्ती ठरू शकते. वर्कशॉपमधली बाचाबाची त्यात धरली जात नाही.

राहिला सेकंडहँड गाडीचा प्रश्न. रिकॉलची नोटीस बहुधा पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जाते. तिची वाट न बघता चॅसी नंबर घेऊन अधिकृत वर्कशॉपला विचारा. रिकॉलचं काम बाकी असेल, तर तुम्ही दुसरे मालक असा की तिसरे, ते फुकटच करून मिळायला हवं.