कॉलेज संपले म्हणजे शिक्षण संपले काय?



दरवर्षी एच.एस.सी.चा निकाल लागला की आपल्या घराघरांत मुलांच्या पुढच्या शिक्षणाची चर्चा सुरू होते. अशा वेळी शाळेच्या फाटकापाशी एखादी आई आवाज खाली करून मला विचारते, "गुरुजी, आता या वयात मला शिकता येईल का?" तिने कॉलेज सोडून वीस-पंचवीस वर्षे झालेली असतात. प्रश्न विचारताना ती हसते, पण तो थट्टेचा नसतो.

या प्रश्नामागे आपल्या समाजाचा इतिहास आहे. आपल्या बेटावर माध्यमिक शिक्षण १९७७ साली मोफत झाले. त्याआधी कॉलेजची फी परवडत नाही म्हणून कितीतरी मुली सहावीनंतर घरी राहिल्या. पुढे मुली कॉलेजात गेल्या खऱ्या, परंतु एस.सी. झाली की लग्न किंवा कपड्यांच्या कारखान्यातली नोकरी, एवढेच पुष्कळजणींच्या वाट्याला आले. मुलगेही घराला हातभार लावण्यासाठी थांबले. इच्छा होती, सवड नव्हती.

"लोक काय म्हणतील?" ही भीती मात्र सोडून द्यावी. आपले आजोबा-पणजोबा दिवसभर उसाच्या शेतात राबून रात्री बैठकेत दिव्याच्या उजेडात अक्षरे गिरवीत. त्यांना कोणी वय विचारले नाही. मोठ्या वयात शिकणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे.

मात्र केवळ उत्साहाने नाव नोंदवू नये. आधी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. शिकायचे कशासाठी: बढतीसाठी, नव्या कामासाठी की मनाच्या समाधानासाठी? तिन्ही कारणे चांगली आहेत, पण प्रत्येकाचा अभ्यासक्रम वेगळा. दुसरा प्रश्न, आठवड्यातले कोणते तास खरोखर आपले आहेत? आणि तिसरा, आपण वर्गात असताना घरचा स्वयंपाक, सासू-सासऱ्यांचे औषधपाणी, मुलांचा अभ्यास कोण पाहणार? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर घरातल्या सर्वांनी मिळून द्यायचे असते. एकट्या बाईने सारे ओढायचे ठरवले, तर पहिल्या परीक्षेआधीच पुस्तके कपाटात जातात.

मार्ग पूर्वीपेक्षा अधिक आहेत. एस.सी.वर थांबलेल्यांना खासगी उमेदवार म्हणून एच.एस.सी.ला बसता येते, आणि त्यात मराठी विषयही घेता येतो. मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत, जिची स्थापना १९७० साली झाली, मराठीचे पदवीपर्यंत शिक्षण मिळते. २०१२ पासून मॉरिशसचे मुक्त विद्यापीठ नोकरी करणाऱ्यांना घरी राहून शिकण्याची सोय देत आहे. सरकारी संस्थांत पहिल्या पदवीपर्यंतची फी २०१९ साली माफ झाली. आपल्या अभ्यासक्रमाला आणि आपल्याला ती सवलत लागू आहे का, हे प्रवेशाआधी कार्यालयात विचारून घ्यावे. २०२३ पासून मेट्रो रेद्वीपर्यंत जाते, त्यामुळे वाक्वाहून विद्यापीठाला जाणेही सोपे झाले आहे.

मी स्वतः शिक्षक-प्रशिक्षणानंतर पुष्कळ वर्षांनी, एक्केचाळिसाव्या वर्षी, पदवीच्या वर्गात बसलो. पहिला निबंध लिहायला मला तीन रविवार लागले. गणेशचतुर्थीच्या तयारीत माझा वाटा भावाने उचलला. पण घरात एक गोष्ट घडली: रात्री जेवणानंतर मी वही उघडली की माझा मुलगा न सांगता समोर येऊन बसू लागला. त्याला अभ्यासाविषयी मी आधी जितकी भाषणे दिली होती, त्यांपेक्षा हे अधिक उपयोगी पडले.

माझ्या एका सहकारी भगिनीने सर्व विचार करून यंदा शिकायचे नाही, असे ठरवले. तिची आई अंथरुणाला खिळली आहे. तिचा निर्णयही शहाणपणाचाच आहे, कारण तो तिने विचार करून घेतला, लोकलाजेने नव्हे.

म्हणून सांगणे एवढेच, की येत्या रविवारी जुनी प्रमाणपत्रे पेटीतून काढा. घरच्यांना एकत्र बसवा आणि तिन्ही प्रश्न त्यांच्यापुढे ठेवा. "हो" ठरले तर लगेच चौकशीला जा. "आता नाही" ठरले, तर पुन्हा केव्हा विचार करायचा, ते साल कागदावर लिहून ठेवा.