कुणाला विचारायचं, हेही आपणच ठरवतो

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात असताना फ्रेंच तत्त्वज्ञ ज्याँ-पॉल सार्त्रकडे त्याचा एक विद्यार्थी सल्ला मागायला आला. थोरला भाऊ १९४०च्या जर्मन चढाईत मारला गेला होता. वडील शत्रूशी जुळवून घेण्याच्या मनःस्थितीत होते आणि आईशी त्यांचं पटत नव्हतं. आई जगत होती ती या धाकट्याच्या आधारावर. त्याला मात्र इंग्लंड गाठून स्वतंत्र फ्रेंच सैन्यात शिरायचं होतं, भावाचा बदला घ्यायचा होता. घरी राहिला तर आईला आधार मिळणार, हे नक्की. निघाला तर कशाचीच खात्री नाही. वाटेत स्पेनमधल्या एखाद्या छावणीत अडकून पडेल, नाहीतर इंग्लंडला पोचून कुठल्याशा कचेरीत फॉर्म भरत बसेल.

सार्त्र त्याला म्हणाला, तू मोकळा आहेस, तुझं तूच ठरव.

हे वाचून आधी राग येतो. एवढ्या पेचात सापडलेल्या पोराची अशी बोळवण करायची? पण २९ ऑक्टोबर १९४५ला पॅरिसमधल्या तुडुंब भरलेल्या सभेत, अस्तित्ववाद या आपल्या तत्त्वज्ञानावरचे आक्षेप खोडून काढताना, सार्त्रनं हा प्रसंग आपण होऊन सांगितला. त्यामागचा त्याचा युक्तिवाद कळला की राग ओसरतो आणि डोकं गरगरू लागतं.

समजा, मुलानं धर्माला विचारलं. ख्रिस्ती शिकवण म्हणते, शेजाऱ्यावर प्रेम कर. पण इथे शेजारी कोण, आई की लढणारे देशबांधव? जर्मन तत्त्वज्ञ कांट सांगतो, माणसाला साधन म्हणून वापरू नका. आईपाशी राहिलं तर आपल्यासाठी लढणारे साधन ठरतात, लढायला गेलं तर आई. बरं, मग मनाचा कौल घ्यावा? खरी गंमत इथेच आहे. आईसाठी थांबण्याइतकं माझं तिच्यावर प्रेम आहे, हे मला कळणार कधी? थांबल्यावर! ज्या भावनेच्या भरवशावर पाऊल उचलायचं, तिचा पुरावा ते पाऊल उचलल्याशिवाय हाती येतच नाही.

उरतो सल्ला. पाद्र्याकडे जावं, तर कुठल्या? जर्मनांना साथ देणारे पाद्री होते, त्यांच्याविरुद्ध काम करणारेही होते. कुणाचं दार ठोठावायचं हे ठरलं, की उत्तरही बहुतेक ठरलंच. नोकरी सोडायचं मनात घोळत असलं की आपण सरकारी खात्यातून निवृत्त झालेल्या काकांकडे जात नाही, बिनधास्त मित्राला फोन लावतो, तसंच हे.

या मोकळेपणाची भोवळ येते, असं डॅनिश विचारवंत किर्केगार्दनं १८४४मध्येच मांडलं होतं. सार्त्रनं १९४३च्या आपल्या मोठ्या ग्रंथात ती भोवळ बारकाईनं तपासली. कड्याच्या टोकावर पाय निसटेल ही भीती असतेच. पण तिच्याखाली आणखी काहीतरी असतं. मी स्वतःच उडी टाकू शकतो, आणि मला धरून ठेवणारं माझ्यावाचून कुणी नाही! तिथलाच त्याचा जुगारी तर मला विसरता येत नाही. आता खेळायचं नाही, अशी यानं काल मनापासून शपथ घेतलेली. आज पटासमोर उभा राहिल्यावर त्याला कळतं, की त्या शपथेत स्वतःचं असं बळ काहीच नाही. ती आज पुन्हा नव्यानं घ्यायला हवी, आणि उद्याही.

सार्त्र आणखी पुढे जातो. स्वतःसाठी निवडताना आपण साऱ्या माणसांसाठी निवडतो, असं तो म्हणतो. ही उडी मला फार लांबची वाटते. पण त्याला खरी अडचणीत टाकणारी शंका दुसरीच होती, आणि ती त्याच्या अगदी जवळच्या व्यक्तीनं काढली. १९४०मध्ये सिमोन द बोव्हारनं त्याला विचारलं, जनानखान्यात कोंडलेल्या बाईला कसलं आलंय स्वातंत्र्य? तेही जगणं निरनिराळ्या तऱ्हांनी जगता येतं, असं त्याचं उत्तर होतं. तिचं समाधान झालं नाही. बाईपण घडवलं कसं जातं आणि त्यात निवडीच्या वाटा कशा बुजवल्या जातात, यावर तिनं १९४९मध्ये ‘द सेकंड सेक्स’ हा प्रचंड ग्रंथ लिहिला.

सार्त्रही बदलला. १९६९च्या एका मुलाखतीत, आपलंच जुनं लिखाण वाचून आपण थक्क झालो, अशी कबुली त्यानं दिली. कुठल्याही परिस्थितीत माणूस पूर्ण मोकळा असतो, यावर आपला खरोखर विश्वास होता, याचंच त्याला नवल वाटलं. आता त्याच्या लेखी स्वातंत्र्य आकसून एका बारीकशा हालचालीएवढं झालं होतं. परिस्थितीनं माणसाला जे बनवलं, ते जसंच्या तसं परत न करण्याएवढं. उदाहरण त्यानं ज्याँ जने या लेखकाचं दिलं. आईनं टाकलेलं हे मूल सरकारी आश्रयानं परक्या घरी वाढलं, चोर म्हणून पुन्हा पुन्हा तुरुंगात गेलं. जने चोर होणार याची सगळी तजवीज आधीच झालेली होती. तुरुंगात बसून तो कादंबरी लिहील, याची मात्र कुणीच केलेली नव्हती.