दुभाजकावरचा बुडखा

कोनोकार्पस तोडून एक पावसाळा गेला की उरलेल्या बुडख्याभोवती हिरव्या धुमाऱ्यांचे कडे उभे राहते. मूळचे सोमालिया-येमेनच्या किनाऱ्यावरचे हे झाड झपाट्याने वाढते आणि फारसे लाड मागत नाही. म्हणून सुरतसह गुजरातच्या शहरांनी ते रस्त्यांच्या दुभाजकांत हौसेने लावले. सप्टेंबर 2023 मध्ये राज्याच्या वनखात्याने त्याच्या लागवडीवर बंदी घातली. परागकणांमुळे होणारे श्वासाचे विकार आणि जमिनीखालच्या केबल-नळांत घुसणारी मुळे, ही त्यामागची कारणे. पण आधीच उभ्या असलेल्या झाडांचे काय?

झाड कापले तरी मुळांतला पिष्टमय साठा शाबूत असतो. बुंध्याच्या सालीखाली सुप्त डोळेही असतात. एरवी शेंड्याकडून येणारे संप्रेरक त्यांना दाबून ठेवते. शेंडा गेला की ते मोकळे सुटतात. सुरतेच्या पूर्वेला डांगच्या जंगलात सागाचा हाच गुण वनखात्याच्या पथ्यावर पडतो: नवी रोपे न लावता बुडख्यातून पुन्हा साग उभा राहतो.

शहरात मात्र हा गुण नको असतो. मग बुडख्यावर कोणी रॉकेल ओततो, कोणी मीठ. मिठाने माती नासते, शेजारचा कडुलिंबही कोमेजतो. तणनाशकाचा उपाय खरा, पण ते ताज्या कापावर, सालीलगतच्या जिवंत कड्यावर लगेच लावावे लागते; मधल्या वाळक्या लाकडावर ओतलेले वाया जाते. त्यातच 2022 मध्ये केंद्राने ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला. तेव्हा बाटली आणून स्वतःच प्रयोग करण्यात शहाणपण नाही.

नुसत्या तोडणीने झाड मरत नाही, हा धडा गुजरातला गांडो बावळ, म्हणजे आपली वेडी बाभूळ, आधीच शिकवून बसली आहे. कच्छच्या बन्नीत 1961 मध्ये वनखात्यानेच ती लावली, आणि गवताळ रान तिने गिळले. वरवर तोडली की ती आणखी दाट फुटते. जमिनीखाली वीतभर खोल, डोळ्यांच्या पट्ट्याखाली मूळ छाटले तरच ती थांबते.

दुभाजकात तेवढे खणायला जागा कुठे? खाली केबल, नळ. तिथे बुडखा यंत्राने किसून काढावा, नाहीतर प्रत्येक धुमारा कोवळा असतानाच खुडत राहावा. मुळांतला साठा संपेपर्यंत, म्हणजे वर्ष-दोन वर्षे. हे माळ्याचे काम आहे, करवतवाल्याचे नव्हे. तोडणीच्या निविदेत त्याची मजुरी आधीच धरायला हवी.