परग्रहावरचे पाहुणे, मुक्काम पोस्ट हैदराबाद

डिसेंबर 2022 मध्ये तेलंगणच्या विकाराबाद जिल्ह्यातल्या मोगिलीगुंडला गावच्या शिवारात आभाळातून एक अगडबंब यंत्र उतरले. बघ्यांची गर्दी झाली, मोबाइल बाहेर निघाले आणि परग्रहवासीयांच्या यानाची आवई उठली. प्रत्यक्षात ती अवकाश पर्यटनाची स्वप्ने पाहणाऱ्या एका स्पॅनिश कंपनीची चाचणी-कुपी होती आणि ती सुटली होती हैदराबादेतूनच, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बलून केंद्रातून. या केंद्राची उपकरणे विशाखापट्टणम-हैदराबाद-सोलापूर पट्ट्यात कुठेही उतरू शकतात. त्यामुळे ‘सापडल्यास हात लावू नये’ अशी सूचना संस्था आधीच देते.

गावकऱ्यांना हसण्यात अर्थ नाही. याच केंद्रातून उडालेल्या आणखी एका बलूनबद्दल शहाण्यासुरत्या वृत्तकक्षांनीही फारसे वेगळे केले नव्हते.

20 एप्रिल 2005 रोजी इथून 2 कोटी 67 लाख घनफुटांचा एक बलून वर गेला. त्याला 459 किलोचे सामान टांगलेले होते. त्यात पोलादी नळकांडी होती, निर्जंतुक करून आतली हवा पूर्ण काढून घेतलेली आणि द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेली. नळकांड्याची झडप उघडली की बाहेरची विरळ हवा आत येऊन थंडीने गोठते, म्हणजे नळकांडे स्वतःच पंप होते. (या युक्तीवर मी बेहद्द खूश आहे.) 20 ते 41 किलोमीटर उंचीवरची हवा भरून ही नळकांडी पॅराशूटने खाली आली. प्रयोगाचे मुख्य संशोधक होते जयंत नारळीकर. त्यांचे गुरू फ्रेड हॉइल यांनी जीवसृष्टीचे बीज अवकाशातून आले असावे, असा आग्रह आयुष्याच्या उत्तरार्धात धरला होता. त्या आग्रहाची परीक्षा घ्यायची, तर वर जाऊन पाहणे भाग होते.

मार्च 2009 मध्ये इस्रोने निष्कर्ष जाहीर केले. जीवाणूंच्या 12 आणि बुरशीच्या 6 वसाहती वाढल्या होत्या. त्यातल्या नऊ पृथ्वीवरच्या माहितीतल्या जातींशी 98 टक्क्यांहून अधिक जुळत होत्या. जीवाणूंच्या तीन जाती मात्र नव्या निघाल्या: जॅनिबॅक्टर हॉइलेई, बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभट्टाई. हे जीवाणू पृथ्वीबाहेरचे आहेत असे या अभ्यासातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही, असेही त्याच पत्रकात स्वच्छ म्हटले होते. बातमी फिरता फिरता नेमके हे वाक्य गळाले. सूक्ष्मजीवशास्त्राचे खरे काम करणारे हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातले (‘सीसीएमबी’) एस. शिवाजी आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातले योगेश शौचे यांची नावेही मागे पडली. नमुने दोन शहरांतल्या दोन प्रयोगशाळांत स्वतंत्रपणे तपासले गेले, ही माझ्या लेखी या प्रयोगाची सर्वांत मोठी जमेची बाजू. पण तिचा मथळा होत नाही.

मथळा झाला अतिनील किरणांचा. तिन्ही जाती आपल्या जवळच्या भाईबंदांपेक्षा हे किरण जास्त सोसतात, म्हणजे त्या ‘वरच्याच’, असा हिशेब लावला गेला. पण ओझोनच्या दाट थरात आणि त्याच्याही वर चिवट जीवाणूच तग धरणार, मग ते खालून गेलेले असोत की वरून आलेले. या चिवटपणावरून मुक्काम कळतो, जन्मगाव नाही. माळ्यावर सापडलेली वस्तू छपरातून पडलेली नसते, कुणीतरी शिडीने वर नेलेली असते. जीवाणूंना एवढ्या उंचीवर नेणारी शिडी कोणती, हा प्रश्न सोपा नाही. पण तो अवघड आहे म्हणून उत्तर ‘परग्रह’ होत नाही.

असे उत्तर आधीच ठरवून टाकण्याचा नारळीकरांचा स्वभाव नव्हताच. त्याच सुमारास नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी ज्योतिष्यांची संख्याशास्त्रीय चाचणी घेतली होती. पत्रिका पाहून हुशार मूल आणि मतिमंद मूल ओळखायचे होते. उत्तरे नाणेफेकीच्या वर गेली नाहीत.

या जीवाणूंची पुढची गोष्ट तर बातम्यांत फारशी आलीच नाही. बॅसिलस आर्यभट्टाई हा जीवाणू पुढे अनेक ठिकाणी साध्या मातीत आणि झाडांच्या मुळांशी सापडला. 2019 मध्ये जनुकसंचाच्या तुलनेवरून संशोधकांनी मांडले, की ही वेगळी जात नाहीच. 1884 साली जर्मन शास्त्रज्ञ द बारी यांनी वर्णन केलेला मातीतला बॅसिलस मेगाटेरियमच तो. इस्रोनेन्सिसचाही वंश बदलून तो सोलिबॅसिलस झाला.

मग खरी कसोटी कोणती? पेशीतल्या कार्बनसारख्या मूलद्रव्यांच्या समस्थानिकांचे प्रमाण पृथ्वीवरच्या प्रमाणापेक्षा ठळकपणे वेगळे निघाले, तर बोलता येईल. त्यात मेख अशी, की प्रयोगशाळेत वाढवलेल्या वसाहती तपासून उपयोग नाही. त्या इथलेच अन्न खाऊन वाढलेल्या, त्यांच्यातला कार्बनही इथलाच. वरून आणलेली मूळ पेशीच मोजायला हवी, आणि ती एका मायक्रॉनच्या आसपास असते.