४० फळ्या, एक दिवाणजी: पायथनमध्ये अनेक फाइल एकदम कशा वाचायच्या?

व्हिडिओत दाखवलेलं इथे नीट समजून घेऊ.

समजा, तेंदूपत्ता हंगामात तुम्ही गडचिरोलीतल्या ४० फळ्यांचा हिशेब करून द्यायचं काम घेतलं. प्रत्येक फळीची रोज एक सीएसव्ही फाइल: मजुराचं नाव आणि पुडक्यांची संख्या. फाइल ऑनलाइन, नेट स्लो. एका फाइलला २ सेकंद धरले, तर एकामागून एक ८० सेकंद. त्यातला बहुतेक वेळ संगणक नुसता वाट बघत बसतो.

दिवाणजीने एकेका फळीला फोन लावून आकडा येईपर्यंत थांबायचं, की सगळ्यांना व्हॉट्सॲप टाकून उत्तर येईल तसं लिहायचं? दुसरी पद्धत म्हणजे थ्रेड.

कसं करायचं?

१. फाइलचं नाव घेऊन नोंदी परत देणारं एक फंक्शन लिहा.
२. 'कॉन्करंट फ्युचर्स' मॉड्यूलमधला 'थ्रेडपूल एक्झिक्युटर' घ्या. पायथन ३.२ पासून तो सोबतच येतो. 'मॅक्स वर्कर्स' ८ ठेवा.
३. त्याच्या 'मॅप'ला फंक्शन आणि फाइलींची यादी द्या. कोणतीही फाइल आधी येवो, उत्तरं यादीच्याच क्रमाने मिळतात.

आठ-आठच्या पाच फेऱ्या, म्हणजे नेटने साथ दिली तर साधारण १० सेकंद.

कुठे फायदा नाही?

लिहिणारा दिवाणजी एकच आहे! नेहमीच्या पायथनमध्ये 'जीआयएल' नावाचं कुलूप असतं, त्यामुळे एका वेळी एकच थ्रेड पायथनचा कोड चालवतो. वाट बघणं वाटून घेता येतं, आकडेमोड नाही. मोठमोठ्या एक्सेल फाइल असतील तर 'प्रोसेसपूल एक्झिक्युटर' घ्या, म्हणजे दुसरा दिवाणजीच ठेवा. आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर एकदम आठ फाइल मागितल्या तर काम उलट रेंगाळू शकतं.

सगळ्यात महत्त्वाचं

एखादी फाइल खराब निघाली की 'मॅप'ची उत्तरं घेताना तिथेच एरर येतो आणि पुढची उत्तरं हाती लागत नाहीत. म्हणून काही जण एरर दाबून तिथे शून्य धरतात. असं कधीच करू नका. ते शून्य म्हणजे त्या फळीवरच्या सगळ्यांची मजुरी बुडाली. उन्हातान्हात ७०-७० पानांची पुडकी बांधणाऱ्यांचा तो पैसा आहे.

फंक्शनमध्येच 'ट्राय-एक्सेप्ट' लावा आणि चुकलेल्या फाइलचं नाव परत द्या. शेवटी ताळा करा: वाचलेल्या अधिक चुकलेल्या बरोबर ४०. चुकलेली फाइल त्या फळीवरून परत मागवा, मगच हिशेब द्या.

आधी पाच फाइल घेऊन दोन्ही पद्धतींचा वेळ मोजून बघा. गिऱ्हाईक वेगाने खूश होतं, पण टिकतं ते ताळा जुळला तरच.