चाकांवरच्या बिऱ्हाडाचं वजन

अमेरिकेत घर विकून मोटरहोममध्ये, किंवा गाडीमागे ओढायच्या ट्रेलरमध्ये बारा महिने राहणारी माणसं आहेत. तिकडे त्यांना ‘फुल-टायमर’ म्हणतात. ‘नोमॅडलँड’ चित्रपटातून हे जगणं आपल्याकडेही अनेकांनी पाहिलं. मुलं मोठी होऊन घर रिकामं झालं की तिथल्या एखाद्या मराठी जोडप्यालाही हा रस्ता खुणावू शकतो. आपलं विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, अशी हौस मनात असते. अडतं ते सामान आवरताना, आणि त्याबद्दल ऐकीव गोष्टी फार आहेत.

त्यातली सर्वांत धोक्याची म्हणजे ‘कप्पे भरपूर असतात, मावेल तेवढं न्यायचं’ ही. या गाड्यांत जागा संपायच्या आधी वजनाची मर्यादा संपते. प्रत्येक नव्या गाडीत एक लेबल लावणं तिथल्या कायद्याने बंधनकारक आहे. त्यावर गाडी किती भार वाहू शकते तो आकडा असतो. मोटरहोममध्ये त्या आकड्यात माणसांचं वजनही येतं. पिण्या-वापरायचं पाणीही त्याच हिशेबात धरायचं. 50 गॅलनची टाकी भरली की जवळजवळ 190 किलो तिथेच गेले. पुस्तकांचं एक मध्यम खोकं सहज 15 किलोंचं होतं. भार मर्यादेबाहेर गेला की टायर तापतात, महामार्गावर फुटतात, आणि ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागतं. म्हणून सामान भरून, टाक्या भरून, माणसं बसवून गाडी एकदा काट्यावर न्यायलाच हवी. ट्रकचालकांच्या थांब्यांवर ‘कॅट स्केल’ नावाचे काटे असतात. थोडक्या पैशांत प्रत्येक ॲक्सलवरचं वजन वेगळं छापून मिळतं. हे काम निघण्याच्या दिवशी नको, काही आठवडे आधी करावं, म्हणजे जास्तीचं सामान कुणाला तरी नीट देता येतं.

स्वयंपाकघर आवरताना वजनाइतकीच विजेची अट येते. पुष्कळ गाड्यांची जोडणी 30 अँपिअरची असते, म्हणजे 120 व्होल्टवर एकूण 3,600 वॅट. छतावरचा एसी आणि 1,800 वॅटची इंडक्शन शेगडी चालू असताना मिक्सर लावला की ब्रेकर पडतो. एक कुकर, एक लोखंडी तवा, लहान मिक्सर एवढ्यावर रोजचा मराठी स्वयंपाक व्यवस्थित होतो. वेट ग्राइंडर मात्र घर असलेल्या मैत्रिणीला द्यावा.

‘सामान विकून चांगले पैसे उभे राहतील’ हाही भ्रमच. जड लाकडी फर्निचरला आज तिथे गिऱ्हाईक कमी. आपण मोजलेली किंमत आणि समोरचा देईल ती किंमत यांत फार अंतर पडतं. मग वाटतं, दान केलं तर निदान कर वाचेल. पण वस्तूंच्या दानाची सवलत वजावटी सुट्या दाखवणाऱ्यांनाच मिळते. 2025 साली एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या जोडप्याची प्रमाण वजावटच 31,500 डॉलर होती, त्यामुळे बहुतेकांना गुडविलसारख्या दान घेणाऱ्या संस्थेच्या पावतीचा कराला उपयोग नाही. तरीही द्यावं, वस्तू वापरणाऱ्याच्या हाती पडते म्हणून.

स्टोरेजची खोली भाड्याने घेणं म्हणजे निर्णय पुढे ढकलणं. महिना 150 डॉलर धरले तरी पाच वर्षांत 9,000 होतात, आणि त्या खोलीत बहुधा तेवढ्या किमतीचं काही नसतं. वर्षभर रस्त्यावरचं जगणं पारखून बघायचं असेल तर मुदत ठरवून घ्यावी. मुलांसाठी म्हणून ठेवायचं असेल तर आधी मुलांना विचारावं. त्यांना आजीची पैठणी हवी असते, डिनर सेट नको असतो.

कागदांबद्दलचा गैरसमज महागात पडतो: ‘सगळं स्कॅन केलं, मूळ प्रती फाडल्या’. कराचे कागद स्कॅन करून ठेवले तर चालतात. जन्माचा आणि लग्नाचा दाखला, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, गाडीचं टायटल, मृत्युपत्र यांच्या मूळ प्रती मात्र लागतातच. घर विकलं म्हणून घराची फाइल टाकणारेही असतात. ती तर आत्ता हवी. खरेदीचे कागद आणि नव्या छपरापासून स्वयंपाकघरापर्यंत केलेल्या सुधारणांच्या पावत्या यांवर विक्रीचा करपात्र नफा ठरतो. विक्रीच्या वर्षाचं विवरणपत्र भरल्यानंतर साधारण 3 वर्षं ती फाइल जपावी. सोनं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणार असाल, तर बँकेतल्या ठेवींना असलेलं सरकारी विम्याचं संरक्षण लॉकरमधल्या वस्तूंना नसतं. दागिन्यांचा विमा वेगळा उतरवावा.

घराबरोबर काही न दिसणाऱ्या गोष्टीही जातात, आणि त्यांची यादी कुणी करत नाही. पहिली म्हणजे पत्ता. ‘पोस्टात बॉक्स घेतला की झालं’ असं नाही. वाहन परवाना, विमा, कर, मतदान या साऱ्यांना एक कायदेशीर राज्य लागतं. म्हणून फुल-टायमर बहुधा टेक्सास, फ्लोरिडा किंवा साउथ डकोटा निवडतात. तिन्ही राज्यांत वैयक्तिक आयकर नाही, आणि टपाल पुढे पाठवणाऱ्या संस्थाही आहेत. टेक्सासच्या लिव्हिंग्स्टनमधला ‘एस्केपीज’ क्लब 1978 पासून फुल-टायमरांचा आधार आहे. साउथ डकोटात परवान्यासाठी त्या राज्यात एक रात्र राहिल्याची पावती दाखवावी लागते. ग्रीन कार्डावर असलेल्यांनी पत्ता बदलल्यापासून 10 दिवसांत इमिग्रेशन खात्याला कळवायचं असतं. फिरतीवर आहोत म्हणून त्यातून सुटका नाही.

दुसरी गोष्ट विम्याची. घराच्या पॉलिसीत सामानाची नुकसानभरपाई असते, आणि आपल्या दारात कुणी पडून जखमी झालं तर त्याची जबाबदारीही असते. घर विकल्यावर हे दोन्ही संपतं. सुट्टीपुरत्या वापरासाठी असलेल्या गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत ते पुरेसं मिळत नाही. ‘फुल-टायमर’ म्हणून वेगळी पॉलिसी घ्यावी लागते, आणि ती घराच्या विक्रीचे कागद सही होण्याआधी सुरू झालेली असावी.