न्यूट्रिनोचा माग काढणारे द्रव

सूर्याकडून येणारे सहा हजार कोटींहून अधिक न्यूट्रिनो दर सेकंदाला आपल्या नखाएवढ्या जागेतून आरपार जातात. त्यांचा मागमूसही राहत नाही. विद्युतभार नसलेल्या या कणांना टिपायचे, तर त्यांच्या मार्गात प्रचंड प्रमाणात पदार्थ ठेवावा लागतो. तो स्वस्त हवा आणि पारदर्शकही. म्हणूनच शास्त्रज्ञांनी द्रवाचा आश्रय घेतला.

१९५६ साली अमेरिकेत रेन्स आणि कोवान यांनी अणुभट्टीजवळ न्यूट्रिनोचे अस्तित्व सिद्ध केले, तेही द्रवाच्याच साहाय्याने. त्यामागील तत्त्व आजही तेच आहे. प्रतिन्यूट्रिनो हायड्रोजनच्या प्रोटॉनवर आदळला की पॉझिट्रॉन व न्यूट्रॉन निर्माण होतात. पॉझिट्रॉनमुळे द्रवात तत्काळ प्रकाश चमकतो. न्यूट्रॉन काही क्षण भटकून एखाद्या अणुकेंद्रकात शोषला जातो व दुसरी चमक उमटते. या जोड-चमकेवरूनच खरा न्यूट्रिनो ओळखता येतो.

गॅडोलिनियम हा धातू न्यूट्रॉन झपाट्याने शोषतो आणि दुसरी चमक अधिक ठळक करतो. परंतु तेलकट द्रवात धातूचा क्षार सहज विरघळत नाही. फ्रान्समधील शूझ प्रयोगात १९९० च्या दशकात असा द्रव हळूहळू आपली पारदर्शकता गमावू लागला. द्रव गढूळला की प्रकाश वाटेतच विरतो आणि प्रयोगाचे आयुष्यच खुंटते. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी सेंद्रिय आम्लाच्या साहाय्याने गॅडोलिनियम स्थिर केले. चीनमधील दाया बे प्रयोगाने २०१२ मध्ये मिळविलेल्या यशामागे हाच द्रव होता. त्याचा मूळ घटक लिनिअर अल्किल बेंझिन. धुण्याच्या पावडरीचा कच्चा मालही तोच!

चीनमधीलच 'जुनो' प्रयोगात २० हजार टन द्रव सुमारे ३५ मीटर व्यासाच्या ॲक्रिलिक गोलात, जमिनीखाली ७०० मीटरवर साठविला आहे. येथे मात्र गॅडोलिनियम टाळले आहे. कारण एवढ्या मोठ्या गोलात पारदर्शकतेला पर्याय नाही. तीन न्यूट्रिनोंच्या वस्तुमानांचा क्रम ठरविण्यासाठी ५३ किलोमीटरवरील अणुभट्ट्यांतून येणाऱ्या प्रतिन्यूट्रिनोंची ऊर्जा सुमारे तीन टक्क्यांच्या अचूकतेने मोजावी लागते. त्यासाठी प्रकाशाचा कण न् कण मोलाचा. म्हणून द्रवाचे गाळण व ऊर्ध्वपातन करून त्यातील किरणोत्सारी अंशही काढले जातात.

ऑगस्ट २०२५ मध्ये 'जुनो'ने नोंदी घेण्यास प्रारंभ केला. वस्तुमानक्रमाच्या उत्तरासाठी काही वर्षे लागतील. तोवर या द्रवाने आपली पारदर्शकता जपणे, हीच खरी कसोटी होय.